वाढत्या मापाच्या लेन्स

एका जंगलात एक वानर राहत होता. आता तुम्ही म्हणाल, जंगलात वानर नाही राहणार तर काय वकील राहणार? तर बाळांनो, त्या जंगलात वकीलही राहत होते. पण ती गोष्ट फार लांब आहे आणि तिला तात्पर्य नाही. आपण वानराचीच घेऊ. मांडी घालून बसा. चिवड्याची पुडी खाली ठेवा, तिची कुरकुर माझ्या आवाजापेक्षा मोठी आहे.

त्या वानराचं नाव सोनबा शेंडे. कामाला तो टेहळ्या होता. पाणवठ्यापाशी अर्जुनाचं एक उंच झाड होतं. त्याच्या सगळ्यात वरच्या फांदीवर सोनबा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसे. खाली चितळांचा कळप चरे. गवतात वाघ दिसला की सोनबाने 'खॅक खॅक' असं ओरडायचं आणि कळपाने पळायचं, असा पूर्वापार रिवाज होता. बदल्यात मोहाची पहिली फुलं सोनबाच्या घरी पोचती व्हायची आणि सभेत त्याला पुढे बसायला मिळायचं.

अकरा वर्षं सोनबाने हे काम केलं. अकरा वर्षांत एकही चितळ वाघाच्या पोटात गेलं नाही. वाघ बिचारा रानडुकरांवर दिवस काढत होता. त्याला ती पचत नसत.

पण वय कुणाला चुकलंय? बाराव्या वर्षी सोनबाला लांबचं धूसर दिसू लागलं. आधी तो एका वारुळाला पाहून ओरडला. कळप जिवाच्या आकांताने पळाला. वारूळ जागेवरच राहिलं. मग तो एका वाळलेल्या बांबूच्या बेटाला पाहून ओरडला. कळप पुन्हा पळाला, पण या वेळी थोडा कमी. आणि एका सकाळी तर कहरच झाला.

झालं असं की गवतातून काहीतरी मोठं, पिवळसर चालत आलं. सोनबाने डोळे बारीक केले. त्याला वाटलं, ही तर नाल्यापलीकडची रोही. रोही म्हणजे नीलगाय, बाळांनो. गरीब जनावर.

"काय रोहीबाई," सोनबाने वरून विचारलं, "आज एकट्याच?"

तो वाघ होता. आयुष्यात त्याला कुणी असं आपुलकीने विचारलं नव्हतं. तो गोंधळला.

"हो," तो जमेल तेवढ्या बारीक आवाजात म्हणाला. "जरा पाण्याला आले होते."

"घरी सगळं बरं?"

"बरंय," वाघ म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच एवढी लाज वाटली की तो पाणी न पिता परत गेला. घरी जाऊन त्याने बायकोला काही सांगितलं नाही.

चितळांनी मात्र हे सगळं वीस पावलांवरून पाहिलं होतं. कळपाची मुखत्यार होती हरिणाक्का. बोलायला गोड, पण खुरांची पक्की. ती झाडाखाली येऊन उभी राहिली.

"सोनबा, तू वाघाला घरची खुशाली विचारलीस."

"वाघ होता तो?"

"पट्ट्यांसकट."

सोनबाचा चेहरा काळाच होता, तरी तो उतरलेला दिसला.

"आठ दिवस देते," हरिणाक्का म्हणाली. "डोळे दाखवून ये. नवव्या दिवशी पहाऱ्याला बस. जमलं तर झाड तुझं. नाही जमलं तर आम्ही मोराला विचारू. तो फार बोलतो, पण त्याला दिसतं तरी."

सोनबा घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसावं तसा खोडाकडे तोंड करून बसला. त्याला भीती वाटत होती. झाड जाईल याची होतीच. पण त्याहून जास्त भीती होती ती दुसरीच. आज वाघ लाजरा निघाला म्हणून निभावलं. उद्या नाही लाजला तर?

त्याची बायको चिंचाबाई व्यवहारी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मग चष्मा करा."

"चष्मा लावून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारली तर मी पोचतो आणि चष्मा मागे राहतो. मागच्या वर्षी मामांचं पाहिलं नाहीस का? त्यांचा चष्मा अजून सागावर आहे आणि ते पिंपळावर."

"मग त्या डोळ्यात घालायच्या लेन्स करा. त्या कुणाला दिसतही नाहीत."

असं ठरलं.

त्या जंगलात डोळेवैद्य होता खंड्या पक्षी. त्याला सगळे खंडेराव म्हणत. नदीच्या वळणावर उंबराच्या फांदीवर त्याचा दवाखाना होता. आता खंड्याच डोळेवैद्य का? तर पाण्यातला मासा जिथे दिसतो तिथे कधीच नसतो, थोडा खाली असतो. हे गणित ज्याला रोज सकाळी नाश्त्यापूर्वी सोडवावं लागतं त्याला डोळा कळतो. माशाचे खवले घासून घासून तो त्यांच्या काचेसारख्या लेन्स करायचा. दवाखान्याबाहेर पाटी होती: 'रांगेत कोणी कोणास खाऊ नये.' आणि हा नियम त्या जंगलात मोडलेला कुणी ऐकला नव्हता, कारण डोळे सगळ्यांनाच आहेत.

खंडेरावाने सोनबाला समोर बसवलं. एका मोठ्या पानावर मुंग्या ओळीने बसवल्या होत्या, वरच्या ओळीत मोठ्या, खाली बारीक होत गेलेल्या.

"कुठपर्यंत दिसतात ते सांगा."

सोनबाने चार ओळी घडाघडा मोजल्या. त्यातल्या खालच्या दोन ओळींतल्या मुंग्या केव्हाच जेवायला गेल्या होत्या. खंडेरावाने ते लिहून घेतलं.

मग त्याने माप घेतलं. फार वेळ घेतलं. डोळ्यात थेंब टाकून पाहिला, पापणी उलटी करून पाहिली, वर बघा, खाली बघा, चोचीकडे बघा असं दहादा केलं. त्याची मापं मोहरीच्या दाण्यात असत.

"उजवा साडेनऊ मोहऱ्या," तो म्हणाला. "डावा नऊ. दोन्ही लेन्स वेगळ्या होतील. अदलाबदल करायची नाही. उद्या सकाळी या, घालून बघू. पापणी मिटली की लेन्स केसभर हलली पाहिजे आणि मुकाट्याने जागेवर आली पाहिजे. खालून आसवांना जायला वाट पाहिजे. घट्ट झाली तर डोळा गुदमरतो. सैल झाली तर ती फिरायला जाते."

आता बाळांनो, इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या जंगलात एक पद्धत होती. नवी वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. चिमणी घरटं बांधायची ते नातवंडांच्या हिशेबाने. सापाने कात टाकली की ती धाकट्या भावासाठी घडी करून ठेवायची. कासवाच्या पिल्लाला बापाची पाठ घालून बघायचे. पिल्लू आत हरवायचं, आणि सापडेपर्यंत मोठं झालेलं असायचं. म्हणून पद्धत बरोबर आहे असं सगळ्यांचं मत होतं. सोनबाही थोरल्याचं वापरूनच लहानाचा मोठा झाला होता.

तो खाकरला. "वैद्यबुवा, एवढं काटेकोर कशाला? जरा वाढत्या मापाच्या करा ना."

खंडेरावाने मान तिरकी केली. "डोळा वाढत नाही, शेंडे."

"वाढत नाही कसा?" चिंचाबाई मध्ये पडली. "यांचं पोट वाढलं, कान वाढले, झोप वाढली. डोळ्यानेच काय घोडं मारलंय?"

"आणि माझ्यानंतर धाकट्या भावाला होतील," सोनबा म्हणाला. "त्याच्यानंतर आमच्या पोराला, झुंबऱ्याला. त्याचे डोळे आत्ताच टपोरे आहेत."

"एकाची लेन्स दुसऱ्याने घालायची नसते. तो काय सदरा आहे?"

"सदराही आम्ही वाढत्या अंगाचाच घेतो," चिंचाबाई म्हणाली.

खंडेरावाचा निळा रंग एकदम गडद झाला. त्याने पाण्यात सूर मारला, मासा घेऊन वर आला, तो गिळला आणि शांतपणे म्हणाला, "पुढचा."

पुढचा गवा होता. त्याच्यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

परतताना सोनबाच्या मनात जरा चुटपुट लागली. पण चिंचाबाई म्हणाली, "वैद्य लोकांना नाहीतरी सगळं अवघडच करून सांगायची सवय असते." आणि सोनबाला ते पटलं. आपल्याला सोयीचं असलेलं सगळंच आपल्याला पटतं, बाळांनो. तुम्हालाही पटतं. उगाच एकमेकांकडे बघू नका.

बुधवारी आठवड्याचा बाजार होता. तिथे कावळेशेठ चादर अंथरून बसत. त्यांच्याकडे सगळं मिळे: अर्धा कंगवा, एका पायाची चप्पल, विझलेली बॅटरी. यंदा लेन्सही होत्या.

"कोणताही डोळा, एकच माप," कावळेशेठ म्हणाले. "या, वहिनी. ही जोडी बघा. गव्यांकडच्या एका नवरदेवासाठी केली होती, लग्न मोडलं. न वापरलेली आहे."

चिंचाबाईने एक लेन्स उचलून उन्हात धरली. तिच्यातून पलीकडचा अख्खा बाजार दिसत होता. "भरपूर आहे," ती समाधानाने म्हणाली.

"तीन पिढ्या दुसरी घ्यायला नको, वहिनी."

"त्यांना टोचणार नाही ना?"

"टोचायला आधी टेकली पाहिजे," कावळेशेठ म्हणाले. हे त्यांचं एकमेव खरं वाक्य होतं आणि ते कुणी मनावर घेतलं नाही. दोन सीताफळांवर सौदा झाला.

नवव्या दिवशी सकाळी सोनबाने लेन्स घातल्या. म्हणजे चिंचाबाईने घातल्या, आणि धाकट्या भावाने त्याचे पाय धरले. डोळा मिटायला आता दोन्ही हातांची मदत घ्यावी लागत होती. डोळ्यांत कुणीतरी कणीक मळतंय असं सोनबाला वाटत होतं.

"कसं दिसतंय?" चिंचाबाईने विचारलं.

"पुष्कळ दिसतंय," सोनबा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

तो अर्जुनावर चढला. मधे एकदा त्याने नसलेली फांदी धरली, पण ते कुणी पाहिलं नाही. खाली कळप चरत होता. सोनबाला तो कधी डावीकडे दिसे, कधी उजवीकडे. पापणी हलली की लेन्स घसरे, आणि लेन्स घसरली की कळप नदी ओलांडून पलीकडे जाई. एकदा सगळी चितळं आभाळातून चालत गेली. सोनबाने फांदी घट्ट धरून ठेवली.

आणि तेव्हाच वाघ आला.

सोनबाला वाघ दिसला. खरंच दिसला. आधी पूर्वेच्या गवतात दिसला. पापणी लवली तर पश्चिमेच्या झुडपात दिसला. मग एक नदीत दिसला. आणि मान वर केली तर एक चक्क शेजारच्या सावरीच्या झाडावर बसलेला दिसला. सोनबाची पाचावर धारण बसली.

"खॅक! चार आहेत, चार. इकडून, तिकडून, पाण्यातून, आणि वरूनसुद्धा."

कळप चारही बाजूंना पळाला. वरून वाघ येतोय म्हटल्यावर काही चितळं खाली बसली. दोघं एकमेकांवर आदळली. या सगळ्या गोंधळात खरा वाघ, जो एकच होता आणि दक्षिणेकडून येत होता, त्याने झेप घेतली. ती झेप कुठल्याच चितळाच्या वाटेला नव्हती. दोन चितळांच्या मधे रिकामी जागा होती, तिथे त्याने मोठ्या आत्मविश्वासाने उडी मारली आणि तो पाणवठ्याच्या चिखलात मानेपर्यंत रुतला. बाहेर यायला त्याला दुपार झाली.

एकही चितळ गेलं नाही.

संध्याकाळी सभा भरली. शाल आणली, श्रीफळ आणलं. हरिणाक्काने भाषण केलं.

"एक वाघ काय, कुणालाही दिसतो," ती म्हणाली. "तुम्हाला दिसेल, मला दिसेल, वास आला तर आंधळ्यालाही दिसेल. पण एका वेळी चार वाघ? अहो, असा टेहळ्या या जंगलात झाला नाही." आणि तिने सोनबाला 'चतुर्व्याघ्रदर्शी' अशी पदवी दिली. ती कुणालाच नीट म्हणता येईना, म्हणून सगळ्यांना ती फार मोठी वाटली.

सोनबाने शाल घेतली. त्याचे डोळे लाल झाले होते आणि घळाघळा वाहत होते. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. टाळ्या वाढल्या.

दुसऱ्या दिवशी कावळेशेठच्या चादरीवर एक लेन्स शिल्लक राहिली नाही. सशाने घेतली ती त्याला डोक्यावरून आली. तो म्हणाला, पावसाळ्यात उपयोगी पडेल.

पण सत्काराच्या रात्री सोनबा आडवा झाला नव्हता. डोळ्यांची आग होत होती ती होतीच, त्याहून जास्त आतून होत होती. कारण त्याला ठाऊक होतं. सावरीवर वाघ नव्हता. नदीतही नव्हता. दक्षिणेकडे एक होता आणि त्या एकाच बाजूला आपण पाहिलं नव्हतं. कळप वाचला तो वाघाच्या चुकीने. अकरा वर्षं ज्यांनी आपल्या शब्दावर पाय उचलले, त्यांना आज आपण आंधळ्यासारखं चारी वाटांना लावून दिलं. सोनबाला स्वतःची मनापासून लाज वाटली. तो रडला. रडण्याबरोबर दोन्ही लेन्स वाहून खाली पडल्या. चिंचाबाईने त्या उचलून, पुसून, झुंबऱ्यासाठी ठेवून दिल्या.

उजाडताच सोनबा मागच्या वाटेने, तोंडावर शाल घेऊन, खंडेरावाच्या दवाखान्यात गेला. रांगेत एकच जण होता. सोनबा त्याच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने त्याने शालीतून बाजूला पाहिलं.

तो वाघ होता. अंगावरचा चिखल वाळला होता आणि दोन्ही डोळे डाळिंबासारखे लाल होते.

सोनबाची नजर पाटीकडे गेली. वाघाचीही गेली. दोघांनी ती मनातल्या मनात दोनदा वाचली.

"शेंडे का?" वाघाने विचारलं.

"हो."

"काल चांगला सत्कार झाला म्हणे."

"झाला. तुम्हाला फार लागलं नाही ना?"

"चिखल होता म्हणून वाचलो." वाघाने मिशीवरचा वाळका चिखल झटकला. "मला ऐंशी चितळं दिसत होती. म्हटलं, कुठेही उडी मारली तरी एखादं लागेलच."

सोनबाने शाल खाली घेतली. "कावळेशेठ?"

वाघाने मान हलवली.

"वाढत्या मापाच्या?"

"हत्तीच्या," वाघ खाली बघत म्हणाला. "मलाही लांबचं धूसर दिसायला लागलंय. म्हटलं, पुढे बछड्यांना होतील."

दोघंही नदीकडे बघत बसले. बाळांनो, वाघ आणि वानर यांच्यात एवढा समजूतदारपणा त्यापूर्वी कधी झाला नव्हता.

खंडेरावाने दोघांचेही डोळे तपासले आणि दोघांनाही सारखंच झापलं. "पाच दिवस डोळ्यात काही घालायचं नाही. आधी सूज उतरू दे. मग मापाच्या लेन्स देतो. हात धुतल्याशिवाय लावायच्या नाहीत. झोपताना काढायच्या. डोळा लाल झाला, दुखला की काढायच्या आणि सरळ इकडे यायचं. बाजारात जायचं नाही. कळलं का, शेंडे? कळलं का, वाघोबा?"

"कळलं," दोघं एका सुरात म्हणाले.

बाहेर आल्यावर वाघ म्हणाला, "पाच दिवस तुम्हाला दिसणार नाही, मला दिसणार नाही. उगाच दोघांनी जिवाला त्रास कशाला? सुट्टी घेऊ." सोनबाला ते एकदम मान्य होतं. पाच दिवस वाघ गुहेत पडून राहिला आणि सोनबा झाडावर बसून शेपटीला गाठी मारत राहिला. कळप खूश होता. चतुर्व्याघ्रदर्शींच्या धाकाने वाघ फिरकत नाही, असं जो तो म्हणत होता.

सहाव्या दिवशी सकाळी सोनबाने नव्या लेन्स घातल्या. उजवी साडेनऊ मोहऱ्यांची, डावी नऊची. पापणी मिटली, उघडली. लेन्स केसभर हलली आणि मुकाट्याने जागेवर आली. डोळ्यात काही आहे हेच त्याला आठवेना.

तो अर्जुनाच्या शेंड्यावर गेला आणि त्याने पाहिलं.

अहाहा. गवताची पाती वेगवेगळी होती. प्रत्येक चितळाच्या पाठीवरचे ठिपके वेगळे होते, आणि हरिणाक्काच्या उजव्या खांद्यावर सतरा होते. पाण्यावर एक चतुर बसला होता, त्याचे चारही पंख दिसत होते. हे सगळं इतके दिवस इथेच होतं आणि आपल्याला न विचारता चाललं होतं, असं वाटून सोनबाला हसू फुटलं. तो एकटाच झाडावर बसून हसला.

आणि मग दक्षिणेच्या गवतात त्याला वाघ दिसला. एक वाघ. पट्टा न् पट्टा मोजून घ्यावा असा. त्याच्याही डोळ्यांत आज नव्या लेन्स होत्या. तो पोट जमिनीला लावून येत होता, आणि त्याची नजर हरिणाक्काच्या पाडसावर होती. पाडस पाण्याला तोंड लावून उभं होतं.

"खॅक," सोनबा ओरडला. "वाघ. दक्षिणेला. पाडसाच्या मागे."

कळपाने माना वर केल्या. पण कुणी पळालं नाही.

"किती आहेत?" हरिणाक्काने विचारलं.

"एक."

"एकच?"

"एकच. पळा."

"नीट बघ, सोनबा. मागच्या वेळी चार होते."

"अक्का, नीटच बघतोय. तीस पावलांवर आलाय. पळा आधी."

कळपात कुजबुज सुरू झाली. एक शिंगाळा नर म्हणाला, "चारांवरून एकावर आला. उतरली याची नजर." दुसरा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात एकही दिसणार नाही बघा." तिसरी म्हणाली, "चार होते तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. एकासाठी एवढं कोवळं गवत टाकून पळायचं म्हणजे जरा जास्तच होतं." तिने एक घास घेतला. सगळ्यांनाच ते पटलं.

"तू त्या जुन्या लेन्स का नाही घालत?" हरिणाक्काने कळवळून विचारलं. "त्यांनी फार छान दिसायचं तुला."

वाघ वीस पावलांवर आला. पाडस पाणी पीत होतं. त्याच्या कानावर एक माशी बसली होती आणि ते तो कान हलवत होतं. नव्या लेन्सनी सोनबाला ती माशीसुद्धा दिसत होती. खरं ते आपण सांगितलं, अगदी मापात सांगितलं, आणि ते यांना पुरत नाही. आता काय करायचं?

वाघाने मागचे पाय गोळा केले.

"चार," सोनबा जीव खाऊन ओरडला. "चार आहेत. चुकलो मी, चार. आणि टेकडीआडून आणखी तीन येताहेत. सात. सात वाघ."

एका क्षणात पाणवठा रिकामा झाला. पाडस आईच्याही पुढे गेलं. धुरळा उठला, आणि तो बसला तेव्हा तिथे फक्त वाघ होता. झेप घ्यायच्या बेतात तसाच गोठलेला.

त्याने हळूच मागे पाहिलं. डावीकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

"सात?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "माझ्या हद्दीत?"

सोनबाने टेकडीकडे हात केला.

"बघतोच एकेकाला," वाघ म्हणाला आणि मिशा फेंदारून तरातरा टेकडीकडे निघाला. मधेच थांबून त्याने वळून पाहिलं. "उपकार झाले, शेंडे. तुमची नजर चांगली आहे."

संध्याकाळी पुन्हा सभा झाली आणि पुन्हा शाल आली. हरिणाक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. पाडस तिच्या पोटाशी होतं. "मधे थोडा बिघाड झाला होता," ती सगळ्यांना म्हणाली, "पण देवाच्या कृपेने याची नजर आता पूर्ववत झाली." सोनबाने खाली मान घालून शाल घेतली. पाडसाकडे एकदा नीट पाहिलं आणि मग त्याला आपण खोटं बोललो याचं फारसं वाईट वाटलं नाही.

घरी चिंचाबाईने विचारलं, "अहो, खरंच सात होते?"

"एक होता."

"मग सहा कुठून आणले?"

सोनबाने हात धुतले, लेन्स काढल्या आणि त्या शिंपल्यातल्या स्वच्छ पाण्यात ठेवल्या, उजवी उजवीकडे, डावी डावीकडे.

"ते वाढत्या मापाचे," तो म्हणाला.

तेव्हापासून त्या जंगलात सगळं सुरळीत आहे. सोनबा दरवर्षी न चुकता खंडेरावाकडे जाऊन माप तपासून येतो. एक वाघ दिसला की चार सांगतो, आणि सणावारी सहा. कळप पळतो. वाघ आपल्या हद्दीतले बाकीचे वाघ शोधत फिरतो आणि त्याला आता भूक चांगली लागते, त्यामुळे रानडुकरंही पचतात.

तात्पर्य: लेन्स आपल्या डोळ्याच्या मापाची घ्यावी, आणि वाघ ऐकणाऱ्याच्या कानाच्या मापाचा सांगावा.